सरबताचं पद

ही गोष्ट घडली तोवर एर्सिलिया बोंदावाल्ली सव्वीस वर्षं आमच्या बोर्गोलेंतोच्या नाटकगृहात गात आली होती. एवढ्या काळात गावातल्या यच्चयावत प्रतिष्ठितांच्या पाठी तिने जितक्या निरखून पाहिल्या, तितक्या त्यांच्या शिंप्यांनीही पाहिल्या नसतील. नोटरीची पाठ डाव्या खांद्याकडे कललेली आहे, औषधवाल्याच्या कोटाची शिवण उसवलेली आहे, सरदारीणबाईंच्या मानेवर पावडरीचा थर नेमका कुठे संपतो, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. ती रंगमंचावर यायची, वाद्यं सुरू व्हायची आणि मंडळी उठून बाहेर चालू लागायची.

ती वाईट गात होती असं मुळीच नाही. रीतच तशी होती. ऑपेरा कुठलाही असो, दुसऱ्या अंकाच्या मध्यावर दुय्यम बाईला एक पद द्यायचं आणि तेवढ्या वेळात लोकांनी बाहेरच्या दालनात जाऊन बर्फाचं सरबत खायचं. पहिल्या बाईला घशाला आराम मिळतो, नायकाचं काम करणाऱ्या टेनरला शिरस्त्राण बदलता येतं, प्रेक्षकांना वाटीभर गारेगार लिंबू मिळतं. या पदाला आमच्याकडे सरळ सरबताचं पद म्हणतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मोठमोठे संगीतकार तर ते स्वतः लिहीतसुद्धा नसत. हाताखालच्या एखाद्या शिष्याला सांगत, की बाबा, चार मिनिटांचं काहीतरी खरड, वादळात सापडलेल्या होडीवर लिही नाहीतर रानफुलावर लिही, कथेशी संबंध नाही आला तर फारच उत्तम.

एर्सिलिया मेणबत्त्या करणाऱ्याची चौथी मुलगी. चर्चमध्ये मेणबत्त्या पोचवायला जायची तेव्हा तिथला म्हातारा ऑर्गनवाला तिला दोन-दोन ओळी शिकवायचा आणि मोबदल्यात घरी वाचत बसायला एखादी मेणबत्ती ठेवून घ्यायचा. तिच्या अठराव्या वर्षी, ऐन कार्निव्हलच्या मोसमात, नाटकगृहातल्या दुय्यम बाईला गालगुंड झालं. ठेकेदार उल्देरिको मान्झिनी तेव्हा तरुण होता आणि पुढे कायम असायचा तितकाच घाईत होता. त्याने एर्सिलियाला बोलावलं, एक पद म्हणायला लावलं आणि ऐकता ऐकता दोन पत्रं वाचून संपवली. आवाज स्वच्छ आहे, सूर सुटत नाही आणि ऐकून झाल्यावर काही आठवत नाही, अशीच हवी होती, असा निकाल त्याने दिला. एर्सिलियाला तो कौतुकाचा वाटला. अठराव्या वर्षी बरंच काही कौतुकाचं वाटतं.

तेव्हापासून ती राण्यांची सखी झाली, राजकन्यांची दासी झाली, आणि चाळिशीनंतर सगळ्यांचीच दाई झाली. तिने तबकातून विष आणलं, खंजीर आणले, पत्रं तर किती आणली याला गणतीच नाही. बाईसाहेब येताहेत, असं सांगून बाजूला व्हायचं हा तिचा हातखंडा. आणि दर ऑपेरात एकदा, चार मिनिटं, ती रिकाम्या खुर्च्यांसमोर गायची. वर गॅलरीतले हमाल-लोहार तेवढे जागेवर असायचे, पण त्यांना सरबत परवडत नसल्यामुळे ते त्या वेळात बोटांचा डाव खेळायचे. त्यात आकडे ओरडून सांगावे लागतात. एर्सिलियाच्या सुरांमधून सात, पाच, चार, पुन्हा सात असं ऐकू यायचं.

लग्न तिने सरबतवाल्याशीच केलं, यात नवल काही नाही. सेत्तीमो हा डोंगरातल्या कोळसेवाल्यांचं सातवं पोर. हिवाळ्यात वरच्या खिंडीत खड्डे करून बर्फ दाबून ठेवायचा, उन्हाळ्यात गवतात आणि बीच झाडाच्या पानांत गुंडाळून खेचरांवरून खाली आणायचा आणि नाटकगृहाच्या दालनात बसून विकायचा, हा त्याचा धंदा. बोलणं कमी. मागणी घालायला आला तेव्हा म्हणाला, की तू आधीच्या बाईपेक्षा सावकाश गातेस, त्यामुळे माझ्या वाट्या जास्त जातात. गावात आजतागायत कुणी कुणाला याहून प्रामाणिक मागणी घातलेली नाही. एर्सिलिया हसली आणि हो म्हणाली. संसार बरा झाला. तिचं गाणं लांबलं की घरात चीज यायचं, आटोपशीर झालं की नुसती मक्याची लापशी.

फ्रेंच फौजा आमचा मुलूख सोडून गेल्याला सहा-सात वर्षं झाली असतील, त्या वर्षीच्या जूनच्या जत्रेसाठी उल्देरिकोने नवा ऑपेरा ठरवला. संगीतकार ताद्देओ फोर्नाचारी चोवीस वर्षांचा होता. एका खेड्यातल्या पाद्री मामाने त्याला वाढवलं होतं. मामाला ग्रीक येत होतं आणि दुसरं फारसं काही येत नव्हतं. ताद्देओने शेकडो ऑपेरांच्या वह्या वाचल्या होत्या, उतरून काढल्या होत्या, पण प्रत्यक्ष नाटकगृहात तो दोनदाच गेला होता, तेही तालमींना. कागदावर कुणी उठून सरबत खायला जात नाही. ही एक गोष्ट त्याला कुणी सांगितलीच नव्हती, कारण आपल्याकडे जे सगळ्यांना माहीत असतं ते कुणीच कुणाला सांगत नाही.

कथा त्याने ग्रीकांची ती भयंकर जुनी निवडली. राजा नकळत बापाला मारतो, नकळत आईशी लग्न करतो आणि खरं कळल्यावर स्वतःचे डोळे काढतो. मूळ कथेत ते खरं एक म्हातारा मेंढपाळ सांगतो. आता मेंढपाळाला हवा खर्जातला गवई. आमच्या मंडळीत तसा एकच होता, तो राजपुरोहित झाला होता आणि पुरोहिताची दाढी उतरवायला तयार नव्हता. गुपित राणीसमोर कुणी सांगावं, तर पहिली बाई अमारांता कोर्बेल्ली दुसरं कुणी गात असताना रंगमंचावर थांबत नसे, तसं तिच्या करारातच होतं. राजासमोर सांगावं, तर टेनरला त्या वेळी तुरे बदलायचे होते. प्रत्येकाने ढकललेलं ते गुपित घरंगळत घरंगळत शेवटी ज्या जागी कुणाचीच हरकत नव्हती तिथे येऊन थांबलं, दुसऱ्या अंकाच्या मध्यावर, दुय्यम बाईच्या पदात. मेंढपाळाच्या जागी दाई आली. सगळ्या शोकांतिकेची किल्ली ताद्देओने मोठ्या विश्वासाने सरबताच्या पदात ठेवली.

तालमीच्या पहिल्या दिवशी एर्सिलियाने आपला कागद उलगडला. होडी नव्हती. रानफूल नव्हतं. एक म्हातारी बाई नगरातल्या वृद्धांना सांगत होती, की राणीने जन्मतःच टाकून द्यायला दिलेलं मूल आपल्या हातून टाकवलं गेलं नाही.

घोट्यांना त्याच्या दोर होता, मी तो सोडवला.
रडत नव्हतं. माझ्याकडे बघत होतं.
डोंगरावरच्या धनगराला दिलं, म्हटलं, ने याला लांब.
मला वाटलं मी जीव वाचवला.
आज तो राजवाड्यात आहे, आणि ती त्याला पती म्हणते.

तिने ते दोनदा वाचलं आणि मग तिला खुर्ची घ्यावी लागली. सव्वीस वर्षांत तिच्या पदात पहिल्यांदाच काहीतरी घडत होतं. हे पद लोकांनी ऐकावं, एकदाच ऐकावं, असं तिला इतकं कडकडून वाटलं की ती स्वतःच दचकली. अशी हाव तिने कधी धरली नव्हती. त्या दिवसापासून ती नळावर पाणी भरताना, शेंगा सोलताना तेच गुणगुणत राहिली. शेजारणीने विचारलं, घरात कुणी गेलं का?

पहिला खेळ झाला. वाद्यं सुरू झाली, मंडळी उठली, खुर्च्या सरकल्या, गॅलरीत आकडे सुरू झाले, दालनात चमचे वाजू लागले, आणि त्या सगळ्या गोंगाटात एर्सिलियाने मुलाच्या पायाचा दोर सोडवला. कुणी म्हणून ऐकलं नाही. लोक मिशा पुसत परत आले, तिसऱ्या अंकाचा पडदा उघडला, राणी किंचाळत आत गेली ती मेलीच, आणि राजा डोळ्यांतून रक्त गाळत बाहेर आला. गावाने एकमेकांकडे पाहिलं. याला काय झालं?

दुसऱ्या दिवशी चौकात दुसरा विषय नव्हता. औषधवाल्याचं म्हणणं पडलं की राजाने कुठल्या तरी वैदूचे थेंब घातले असणार. नोटरीला विवाहाच्या कागदपत्रांत काहीतरी खोट वाटत होती, आणि गंमत म्हणजे सगळ्यांत जवळ तोच पोचला होता. गॅलरीचं मत मात्र ठाम होतं. पहिल्या अंकात टेनरचा वरचा सूर फाटला होता, त्याचा त्याला पश्चात्ताप झाला. आमच्या गावात डोळे काढायला हे कारण पुरेसं समजतात.

उल्देरिको धावत ताद्देओकडे आला. गेल्या मोसमातला लाकडी ढग अजून चांगला आहे, त्यावरून एखादा देव खाली सोडू, तो राजाला डोळे परत देईल, राणीलाही उठवू, सगळे मिळून गातील, असा तोडगा त्याने काढला होता. ताद्देओ भिंतीला टेकून उभा राहिला. पुढच्या खेळांतही हे असंच पडलं तर त्याला परत मामाकडे जाऊन चर्चचा ऑर्गन वाजवावा लागणार होता. तो एर्सिलियाला शोधत आला आणि खाली मान घालून म्हणाला, "बाई, तुम्ही जरा मोठ्यानं गाल का?"

"मास्तर," एर्सिलिया म्हणाली, "मोठ्यानं गायले तर ते आणखी लांब जाऊन उभे राहतील."

बोलणं हसण्यावारी नेलं तरी घरी आल्यावर तिला राहवेना. सेत्तीमो अंगणात बसून लिंबं पिळत होता.

"आज दहा मिनिटं उशिरा उघड," ती म्हणाली.

"दहा मिनिटांत सगळ्याचं पाणी होईल."

"या पदात सगळी कथा आहे रे. ते ऐकलं नाही तर पुढचं काही कळत नाही कुणाला."

"कळायला कोण येतं तिथे? बसून बसून बुडं दुखतात लोकांची, उठायला निमित्त हवं असतं. तुझं पद चांगलं निमित्त आहे. कुणाची तक्रार नाही."

"तू ऐकलंयस कधी? हे राहू दे. सव्वीस वर्षांत कुठलंही?"

सेत्तीमोने हातातलं लिंबू खाली ठेवलं. त्याने खरंच आठवून पाहिलं. "तू गातेस तेव्हा मला मान वर करायला फुरसत असते का?" तो म्हणाला आणि पुढचं लिंबू घेतलं.

एर्सिलियाला रडू आलं नाही, राग आला. सगळ्या गावाच्या पाठी तिने सोसल्या होत्या, पण याची पाठ आपण कधी मोजलीच नव्हती, कारण तो भिंतीपलीकडे असायचा, हे तिच्या त्या क्षणी लक्षात आलं. त्या दुपारच्या लापशीत मीठ इतकं पडलं की सेत्तीमोने ती मुकाट्याने खाल्ली.

दुसऱ्या खेळाला दुप्पट गर्दी झाली. राजाने डोळे का काढले याचा छडा लावायचाच, असं ठरवून लोक आले होते. आता छडा लावायचा तर चर्चा हवी, आणि चर्चेला दालनाइतकी चांगली जागा नाही. एर्सिलियाने पद सुरू केल्यावर सगळे बाहेर जमले आणि राजाच्या डोळ्यांवर वाद घालत उभ्या उभ्या दोन-दोन, तीन-तीन वाट्या रिचवत राहिले. आत त्या प्रश्नाचं उत्तर गायलं जात होतं. सेत्तीमोला घाम फुटला. खेळ संपला तेव्हा पिंपात थेंबही उरला नव्हता आणि नाटकगृहाखालच्या तळघरात नुसतं ओलं गवत शिल्लक होतं.

तिसऱ्या खेळाच्या संध्याकाळी त्याने दालनातल्या आपल्या विक्रीच्या खिडकीला फळ्या लावल्या आणि त्यावर कागद चिकटवला, बर्फ संपला.

दुसरा अंक मध्यावर आला. एर्सिलिया रंगमंचावर आली, वाद्यं सुरू झाली, मंडळी सवयीने उठली आणि बाहेर गेली. मग फळ्यांपुढे थोडा वेळ उभी राहून, तोंडं पाडून, परत आत आली. नोटरीने व्यवस्थापनाविषयी काहीतरी मोठ्याने म्हटलं. सरदारीणबाई पंखा आपटून बसल्या. करायला काहीच नव्हतं. गॅलरीतल्या लोकांनी खाली इतकी माणसं बसलेली पाहून आकडे ओरडणं थांबवलं, त्यांना वाटलं कुणी मोठा अधिकारी आला असावा.

एर्सिलियाने तोंड उघडलं आणि तिला धडकीच भरली. चमचे वाजत नव्हते. सव्वीस वर्षं ती त्या चमच्यांच्या आडोशाने श्वास घेत आली होती. तिला वाटलं कुठेतरी आग लागली आहे, नाहीतर राज्यातलं कुणी थोर माणूस वारलं आहे. समोर माणसांचे चेहरे होते. नोटरीला चामखीळ आहे हे तिला तेव्हा कळलं. आणि उजवीकडच्या खांबाशी, ॲप्रन तसाच बांधलेला, रिकामे हात कुठे ठेवावेत ते न कळून उभा असलेला सेत्तीमो होता.

ती गायली. नखरे तिला येतच नव्हते, कारण नखरे बघायला आजवर कुणी थांबलंच नव्हतं. शेजारीण चुलीपाशी बसून जिवावरची गोष्ट हळू आवाजात सांगते तसं तिने ते सांगितलं. दोर सोडवला, धनगराला मूल दिलं. मला वाटलं मी जीव वाचवला, या ओळीला तिचा आवाज जरासा बसला आणि तो तिने सावरला नाही. शेवटची ओळ झाली. मग दुसऱ्या मजल्यावरून मोठ्या पाद्रीबाबांची बहीण, जिला कमी ऐकू येतं म्हणून जी नेहमी मोठ्याने बोलते, ती म्हणाली, "अगं बाई, म्हणजे ती त्याची आई."

गाव हादरलं. एका क्षणात सगळ्यांना सगळं कळलं. औषधवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. गॅलरीतले लोहार पायांनी फळ्या बडवायला लागले, आणि वन्समोर, वन्समोर असा गलका उठला. एर्सिलियाने मागे वळून पाहिलं, अमारांता आली असेल म्हणून. मागे कुणी नव्हतं. तिला पुन्हा गावं लागलं. तिसऱ्या अंकात राजा आंधळा होऊन आला तेव्हा नोटरी हुंदके देत होता आणि टेनरचा सूर पुन्हा फाटला तो कुणाच्या लक्षातही आला नाही. बाहेर पडताना प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता, की मला तर पहिल्या दिवसापासूनच संशय होता.

दुसऱ्या दिवशी, सकाळ सरता सरता, सेत्तीमो मात्र खेचरांना लगाम घालू लागला. शनिवारी संत योहानाच्या सणाचा मोठा खेळ आहे, तोवर बर्फ आणायला हवा, म्हणाला. एर्सिलिया दारात उभी होती. सगळं गाव तिच्या दाराशी येऊन वाखाणून गेलं होतं, भाजीवालीने फुकट कांदे दिले होते, आणि या माणसाला बर्फ सुचत होता. तिने त्याला भाकर बांधून दिली, पण वाट धरल्यावर हात केला नाही.

त्याच दुपारी तिला नाटकगृहात बोलावणं आलं. उल्देरिकोच्या खोलीत अमारांता बसली होती, तिच्या शेजारी ताद्देओ उभा होता आणि खिडकीबाहेर बघत होता. अमारांताबाई फार गोड बोलल्या. त्यांनी एर्सिलियाचे दोन्ही गाल चुंबले. मग उल्देरिकोने घसा खाकरून सांगितलं, की रीतीप्रमाणे ज्या पदाला वन्समोर पडतो ते पद पहिल्या बाईचं. आजवर हा प्रश्न उद्भवला नव्हता, कारण आजवर पहिल्या बाईखेरीज कुणाला वन्समोर पडला नव्हता. तेव्हा शनिवारपासून ते पद राणी म्हणेल.

"पण राणीला हे ठाऊक नाही," ताद्देओ खिडकीकडेच बघत म्हणाला. "तेच तर सगळं आहे. तिला ठाऊक असेल तर ती त्याच्याशी लग्न का करेल?"

"मास्तर, ती राणी आहे," उल्देरिको म्हणाला. "राणीला सगळं ठाऊक असतं."

ताद्देओने एर्सिलियाकडे पाहिलं नाही. हाच ऑपेरा मागणारं पार्म्याच्या एका ठेकेदाराचं पत्र त्याच्या खिशात होतं, आणि पत्र खिशात असताना माणसाला ताठ उभं राहणं जड जातं. संध्याकाळपर्यंत त्याने एर्सिलियासाठी नवं पद लिहून दिलं. सरबताला वेळ हवाच होता, त्याशिवाय सण साजरा झाला असता कसा? नव्या पदात एक पारवा होता. तो पावसात भिजला होता आणि त्याला घरटं सापडत नव्हतं.

"चांगलं आहे," कागद बघून एर्सिलिया म्हणाली. "सोपं आहे." ताद्देओ काहीतरी बोलायला गेला. तिने त्याला थांबवलं आणि जेवलास का, असं विचारलं. तो तिच्या मुलाच्या वयाचा होता, आणि तिला मूल नव्हतं. घरी जाऊन तिने दार लावून घेतलं. अठराव्या वर्षी नेमकं काय कौतुक झालं होतं ते आता तिला पुरतं कळलं, आणि ती पोटभर रडली.

पुढची गोष्ट आधीच सांगून टाकतो. तो ऑपेरा चांगला गाजला. पार्म्यात झाला, क्रेमोनात झाला. राणी दुसऱ्या अंकात सगळ्या नगरासमोर सांगते की हा माझा मुलगा आहे, मग निवांतपणे आत जाते, आणि तिसऱ्या अंकात तिला तीच बातमी कळून धक्का बसतो. कुठेही कुणी शंका काढली नाही. पद इतकं सुंदर आहे, म्हणतात लोक. एर्सिलिया आणखी नऊ मोसम गायली. चर्चच्या वहीत तिच्या मृत्यूची नोंद आहे, तिथे सरबतवाल्याची बायको एवढंच लिहिलं आहे.

पण त्या शनिवारी सेत्तीमो दुपारी बर्फ घेऊन उतरला. दाढी वाढलेली, बूट चिखलाने माखलेले. पद काढून घेतल्याचं त्याला वेशीवरच कुणीतरी सांगितलं होतं. त्याने पिंपं भरली, फळ्या काढल्या आणि वाट्या मांडल्या.

गर्दी तर विचारूच नका. शेजारच्या गावांतूनही माणसं आली होती. दुसऱ्या अंकात एर्सिलिया पारव्याचा कागद मनात धरून आली, आणि लोक असे उठले की काही वेळ चेंगराचेंगरीच झाली. पुढे राणीचं ते प्रसिद्ध पद होतं, ते चुकायला नको, म्हणून सरबत झटपट आटपायचं होतं. सभागृह पार रिकामं झालं. तिने पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली, आणि तिला उजवीकडच्या खांबाशी सेत्तीमो दिसला.

तिला वाटलं भास झाला. बाहेरून खिडकीवर ठोकल्याचा आवाज येत होता, नोटरी सेत्तीमो, सेत्तीमो म्हणून हाका मारत होता. वर्षातली सगळ्यांत मोठी विक्री दारात उभी होती आणि हा माणूस ॲप्रन बांधून इथे उभा. तिने दाईच्या शोकाचा हावभाव करत हात लांब केला आणि त्याला जा म्हणून खुणावलं. तो गेला नाही. तिने दुसरा हात केला. तो तिच्याकडे बघत राहिला. आणि जिने सव्वीस वर्षांत एक अक्षर चुकवलं नव्हतं, त्या एर्सिलियाचे शब्द साफ उडाले. पारव्याचं पुढे काय होतं ते तिला काही केल्या आठवेना. व्हायोलिनवाल्याने तीच ओळ फिरवून पुन्हा वाजवली, मग आणखी एकदा. तिच्या तोंडात दुसरे शब्द नव्हतेच, म्हणून होते ते आले. पारव्याच्या चालीवर तिने मुलाच्या घोट्याचा दोर सोडवला. अक्षरं जास्त होत होती, ती तिने कोंबली. धनगर कुठल्या कुठे पडला, आई भलत्याच तालावर आली. कुणाला काही पत्ता लागला नाही, कारण ऐकायला एकच माणूस होता.

सरबत उशिरा मिळालं म्हणून सेत्तीमोला बरीच बोलणी खावी लागली, आणि बऱ्याच जणांना अर्धी वाटी टाकून राणीचं पद गाठावं लागलं.

रविवारी सकाळी, चर्चला जायच्या आधी, तो पायरीवर बसून बुटांचा चिखल खरवडत होता. एर्सिलिया डोक्याला रुमाल बांधत बाहेर आली.

"काल शब्द चुकले माझे," ती म्हणाली.

"शब्द नाही चुकले. चाल चुकीची होती."

"तुला रे काय कळतंय त्यातलं? त्या एका रात्रीच तर ऐकलंस ते."

सेत्तीमोने बूट खाली ठेवला नाही. चिखल काढता काढता, खेचरांशी बोलतो त्या आवाजात, त्याने म्हणायला सुरुवात केली. घोट्यांना दोर होता. रडत नव्हतं, माझ्याकडे बघत होतं. सूर नव्हता, ताल नव्हता, पण एकही शब्द इकडचा तिकडे झाला नाही. डोंगरावर दोन दिवस दुसरं काही करायला नव्हतं, एवढंच तो मध्ये म्हणाला आणि पुढची ओळ घेतली. चर्चची घंटा वाजत होती, शेजारीपाजारी नटूनथटून समोरून जात होते आणि वळून बघत होते. एर्सिलिया त्याच्याजवळ पायरीवर बसली आणि संपेपर्यंत ऐकत राहिली.